आजोबांचा वारसा



मावळातील या परंदवडीपासून देहूरोड दूर नाही. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी सुभेदार झाले व लष्करी शाळेत शिकवीत. त्या घरात विद्या आली ती या मार्गाने.

आपणांपैकी बहुतेकांच्या आजोबांच्या वाट्यास लष्कर नव्हे, महारवतन आले. सांगावे पोचवावे, मेलेली गुरे ओढावी आणि बलुत्याच्या भाकरीवर जगावे! १८७४ च्या कायद्याने या राबणुकीवर सरकारी मोहोर उठविली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल मांडले. अखेर १९५८ च्या कायद्याने वतन संपविले.

तेव्हा आजोबांचा जुना धर्म सोडलात तरी आजोबांना सोडू नका. लाज त्यांची नव्हे, त्यांना राबविणाऱ्या व्यवस्थेची आहे. घरातील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांना विचारा: त्यांनी कोणते काम केले, कोणते नाकारले, मुलांना शाळेत कसे घातले? ते सारे वहीत उतरवा. वतनाची नोंद सरकारी दप्तरात सापडेल. माणसाची नोंद तुम्हीच ठेवली तर राहील.

जय भीम!