काचेतला खारा समुद्र



यंदाच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या प्रत्येकीने वाण घेण्याआधी बैठकीतली माशांची काचपेटी पाहिली आणि "खर्च किती आला हो?" असे विचारले. म्हणून कार्यकारिणीने आज मलाच उभे केले आहे. तेव्हा खर्चच सांगते, झालेल्या चुकांसकट.

मुलाला मासे हवे होते ते गोड्या पाण्यातले नव्हेत, समुद्रातले. आणि सोबत प्रवाळही. भिशीचे दहा हजार हाती होते. त्यावर दमडी मिळणार नाही, असे त्याला बजावले. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच अशी पेटी घेतली. तीत साठ लिटर पाणी राहते. आमच्या घरच्यांचे म्हणणे, दादर चौपाटीवरून कळशा भरून आणाव्यात, फुकटात काम! पण शहराचे सांडपाणी ज्यात मिसळते ते माशांना कसे मानवावे? आम्ही आरओचे पाणी घेतले आणि त्यासाठी मिळणारे खास समुद्री मीठ त्यात विरघळवले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात पुरेसे नसते. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे साठ लिटरला २ किलो १०० ग्रॅम. पुढे पाणी आटले की वरून साधे आरओचेच घालायचे. वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहते. पहिल्या आठवड्यात मी खारे पाणीच ओतत होते!

पण खरी चूक त्याआधीची. दुसऱ्याच दिवशी आम्ही अडीच हजारांचे तीन मासे आणून सोडले. दुकानदार काही बोलला नाही. आठ दिवसांत तिन्ही गेले. मुलगा त्या रात्री जेवला नाही. माशांच्या मलमूत्राने पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते थोडे असले तर मासे सोसतात. हे जंतू दगडांत वस्तीला यावे लागतात. आपण विरजण लावतो ना, तसेच. मात्र दही रात्रीत लागते, याला दीड महिना लागला. तोवर भट्टीत भाजलेले सच्छिद्र कृत्रिम दगड ठेवून, रोज चिमूटभर खाद्य टाकून, आम्ही रिकामी पेटी पाहत बसलो. शेजारणी हसल्या. हसू देत.

मग प्रवाळाची गोष्ट. एका दुकानात जिवंत प्रवाळाचा तुकडा स्वस्तात दाखवला. मी पाचशे रुपये विसार दिला. रात्री मुलाने वाचून दाखवले की समुद्रात खडक उभारणारी सारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. २०२० साली किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली येथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मग माझी काय कथा! आपल्या मुंबईच्या खडकांवर प्रवाळ जगते, हे मला तेव्हाच कळले. विसार बुडाला. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही.

उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर जाई. हवे २६ च्या आसपास. पाणी गार करणारे यंत्र पेटीहून महाग. लहानसा पंखा पाण्यावर रोखून ठेवला, दोन-तीन अंश उतरले. पाणी मात्र लवकर आटते, तेव्हा रोज सकाळी भर घालावी लागते. आठवड्याला सहा लिटर पाणी बदलते. त्याला २१० ग्रॅम मीठ.

एकूण हिशेब साडेअकरा हजारांवर गेला. त्यातले तीन हजार माझ्या घाईचे. वरचे दीड हजार दिवाळीच्या साडीतून कापले.

आता पेटीत दोन क्लाऊनफिश आहेत, समुद्रातून पकडलेले नव्हेत, पैदास केंद्रातले. जोडीत मोठी असते ती मादी, सत्ता तिचीच. आणि ती गेली तर नर स्वतः मादी होतो. हे सांगितले तेव्हा आमच्या घरच्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. प्रवाळ नाही म्हणून मुलाने पेटीत फुटक्या मातीच्या कुंडीचा तुकडा आडवा ठेवला आहे. दिवा मालवला की दोघे त्यातच झोपतात. कोणाला पाहायचे असेल तर सातच्या आत या.