गोवराची लस आणि आईचा प्रश्न

(घाटकोपर येथे शिक्षक, आरोग्य कर्मचारी व लोकप्रतिनिधी यांच्यासमोर केलेल्या भाषणावरून)



आपण जेथे जमलो आहोत तेथून गोवंडी काही फार दूर नाही. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस त्या भागातील रफीनगर वस्तीत गोवरासारख्या तापाने एकामागून एक तीन बालके दगावली. पाठोपाठ देवनार, मानखुर्द, कुर्ला अशा वस्त्यांतून अंगावर पुरळ आलेली मुले सात रस्त्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात येऊ लागली. ९ नोव्हेंबर रोजी केंद्र शासनाने तज्ज्ञांचे पथक मुंबईस पाठविले. मालेगाव आणि भिवंडी येथेही त्याच सुमारास गोवराचा उद्रेक झाला. ज्या रोगाची लस १९८५ पासून शासकीय कार्यक्रमात विनामूल्य दिली जाते, त्या रोगाने एवढ्या मोठ्या शहरात मुले का जावीत, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आपणापुढे उभा आहे.

कस्तुरबा रुग्णालयाला पूर्वी आर्थर रोडचे रुग्णालय म्हणत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, मुंबईत प्लेगचा शिरकाव झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, सुमारे हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला होता. घरात शिरून रोगी उचलून नेणारी माणसे, कुटुंबापासून होणारी ताटातूट आणि आत गेलेला माणूस परत येत नाही ही सार्वत्रिक भीती यांचा तो उद्रेक होता. त्याच प्लेगच्या काळात डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. रोग एक, शहर एक. सक्तीपुढे लोक दगड घेऊन उभे राहिले. लस घेण्यासाठी मात्र, सर्वजण नसले तरी हजारो लोक पुढे आले. माझ्या मते या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज आजचा लसीचा वाद समजणार नाही.

हा वाद अडाण्यांचा आहे असे आपण समजतो. ते खरे नाही. देवीच्या लसीविरुद्ध स्वतः गांधीजींनी लिहिले होते. मुंबईत तर देवीच्या लसीचा इतिहास फार जुना आहे. १८०२ च्या जून महिन्यात ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती येथेच टोचण्यात आली आणि हिंदुस्थानातील ती पहिली लस ठरली. पुढे १८७७ साली सक्तीचा कायदाही आला. तरीही ‘देवी काढणारा’ आला म्हणजे मुलांना माळ्यावर लपविणाऱ्या आया आपल्या आजी-पणजींच्या पिढीत होत्या. अखेर १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या दंडावर ते गोल व्रण आहेत, अशी मंडळी या सभागृहातही असतील.

गोवराचे गणित मात्र देवीहून कठीण आहे. लस न घेतलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तेथे याचा अर्थ काय, हे आपणास सांगावयास नको. म्हणून शंभरांपैकी पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साखळी तुटते. पहिली मात्रा नवव्या महिन्यात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. त्यापूर्वीचे सात-आठ महिन्यांचे मूल शेजारच्या मुलांच्या लसीवरच अवलंबून असते. ‘माझे मूल, माझा निर्णय’ या म्हणण्यातील अडचण येथे आहे. उद्रेकाच्या वेळी काही वस्त्यांत सहा महिन्यांच्या बालकांनाही जादा मात्रा देण्याची सूचना केंद्राला करावी लागली, ती याच कारणाने.

मग लस राहते कशामुळे? २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी. त्या वेळी भ्रमणध्वनीवरून अफवा फिरल्या की या सुईने मुले-मुली पुढे वंध्य होतील. काही शाळांतून पालकांनी संमती नाकारली. त्यांत गरीब वस्त्यांतील शाळा होत्या, तशा भरपूर शुल्क घेणाऱ्या शाळाही होत्या. सुशिक्षित पालक म्हणत, आमच्या डॉक्टरांनी ही लस दिलेली आहे, पुन्हा कशाला? हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही सोपे होते : जादा मात्रेने अपाय होत नाही. परंतु ते उत्तर सुईच्या आधी पोहोचावयास हवे होते. आम्ही माहिती विभागातील माणसे भित्तिपत्रके छापतो. ज्या आईसाठी ती असतात तिला कित्येकदा ती भाषा वाचता येत नाही, हे मी अनेक वर्षांच्या नोकरीनंतर कबूल करतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. लसीने काहीच होत नाही, असे कृपा करून कोणी सांगू नये. गोवराच्या लसीनंतर आठवडाभराने काही मुलांना ताप येतो, थोडे पुरळ उठते. ‘काही होणार नाही’ असे ऐकलेल्या आईचे मूल आठव्या दिवशी तापले, की ती दुसऱ्या मात्रेस येत नाही. शिवाय शेजारणीलाही येऊ देत नाही. अपघातही घडतात. १९०२ साली पंजाबात मलकोवाल येथे प्लेगची लस टोचल्यावर एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिनसाहेबांना दोष लागला आणि पुढे ते निर्दोष ठरले. अलीकडे, जानेवारी २०२२ मध्ये, बेळगाव जिल्ह्याच्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेला लस दिल्यानंतर तीन तान्ही मुले गेली. लसीची साठवण व हाताळणी करताना झालेला निष्काळजीपणा प्राथमिक चौकशीत पुढे आला. गोवराची लस पाण्यात मिसळल्यावर कुपी थंड ठेवून चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यावी लागते. तीत दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता, असे आपण म्हणू. पण ज्या आईचे मूल गेले तिच्यासाठी या भेदाला काय अर्थ? चौकशीचा निष्कर्ष तिला तिच्या दारात जाऊन सांगितला, तरच गावातील उरलेल्या मुलांना लस मिळेल.

करोनाच्या लसीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासनास वाजवी निर्बंध घालता येतील. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली ठेवण्याचेही निर्देश त्यात आहेत. काही अधिकाऱ्यांना हा निर्णय अडचणीचा वाटला. मला तो सोयीचा वाटतो. माहिती दडविली की तिची जागा अफवा घेते.

गोवंडीत २०२२ साली पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी धर्मगुरूंची मदत घेतली आणि मशिदींमधून आवाहने झाली. त्याचा उपयोग झाला. परंतु सगळेच नकार श्रद्धेचे नसतात. बाळंतपणासाठी सून गावी जाते, परत येते तेव्हा कार्ड तिकडेच राहिलेले असते. कोणी सहा महिन्यांत खोली बदलतो आणि नव्या गल्लीच्या यादीत त्याचे नावच नसते. शिक्षकांनी बालवाडीत प्रवेश देताना लसीचे कार्ड पाहावे, नसल्यास प्रवेश नाकारू नये, नाव आरोग्य केंद्रास कळवावे. ग्रामीण भागातून आलेल्या पंचायत सदस्यांना विनंती आहे की ऊसतोडीला व वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांतील बालकांची यादी कुटुंब निघण्यापूर्वी करून ठेवावी. आणि आरोग्य खात्यातील मित्रांना एवढेच विचारतो : ज्या गल्लीत सकाळी दहा वाजता निम्म्या दारांना कुलूप असते, तेथे आपले लसीकरण सत्र सकाळी दहालाच का? घरकामाहून बायका संध्याकाळी पाचला परततात. रविवारी तर त्या घरीच असतात.