सारखा शब्द, निराळा अर्थ

मराठी मूल हिंदी शिकू लागले की 'घर', 'हात', 'नाक' या शब्दांपाशी अडत नाही. अडते ते 'शिक्षा' या शब्दापाशी. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. परक्या शब्दाचा अर्थ आपण विचारून घेतो. ओळखीच्या शब्दाचा कोण विचारतो? संगणकाच्या भाषांचेही तसेच आहे.

मी नगरला संगणकाचे वर्ग घेत असे. मुले आधी 'सी' शिकत, मग 'जावा'. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांची जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने बाहेर आणली. नाव जावा असले तरी नाते जावाजावांचे नाही, मावशी-भाचीचे आहे. विधानाच्या शेवटी अर्धविराम, आज्ञांच्या गटाला महिरपी कंस, 'इफ', 'फॉर', 'व्हाइल' सारे तेच. मुलांना वाटे, निम्मे काम झालेच!

राहुरीकडच्या एका मुलाने टर्बो सीमध्ये उसाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. १५ टन ऊस, टनाला २,५०० रुपये. उत्तर आले, उणे २८,०३६. तो म्हणाला, "मॅडम, ऊस घालून वर आम्हीच कारखान्याचं देणं लागतो का?"

वर्ग हसला. कारण साधे होते. पूर्णांकासाठी त्याने 'इंट' वापरला होता. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. माप भरले की आकडा उलटून उणे बाजूला जातो आणि संगणक चकार शब्द काढत नाही.

तोच हिशेब जावात केला, तर ३७,५०० बरोबर आले. शब्द तोच, इंट. पण जावात तो कुठेही ३२ बिटांचाच असतो. सीमध्ये ते कंपायलरवर अवलंबून. मुलगा खूश झाला. मी म्हटले, आता सबंध कारखान्याचे बिल काढ. १० लाख टन, भाव तोच. यायला हवे होते २५० कोटी. आले उणे १७९ कोटी ४९ लाख! जावाच्या इंटची मर्यादा २१४ कोटी ७४ लाखांच्या आसपास. माप मोठे झाले, पण उलटण्याची खोड तीच राहिली. तो गुणाकार 'लाँग'मध्ये करायला हवा होता.

काही ठिकाणी मात्र भाची मावशीपेक्षा कडक. इफच्या कंसात तुलनेसाठी दोन बरोबरची चिन्हे लागतात. चुकून एकच लिहिले तर सी तुलना करण्याऐवजी किंमतच बदलून टाकते. आकड्यांच्या बाबतीत जावा असा प्रोग्रॅम कंपाइलच करत नाही. दहा घरांच्या ॲरेत अकरावे घर मागितले, तर सी शेजारच्या जागेतले काहीही उचलून देऊ शकते. जावा चूक दाखवून थांबते. म्हणून जावाकडून सीकडे येणाऱ्याने अधिक जपावे.

विद्यार्थी मित्रांनो, वहीत तीन रकाने आखा: सारखे, वेगळे, आणि सारखे दिसणारे पण वेगळे. तिसरा रकाना आधी भरा. शंका आली की चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्यात मोठ्यात मोठा आकडा घालून पाहा. बिलाच्या कागदावर कुणाच्या तरी वर्षभराच्या घामाचा हिशेब असतो. तो उणे येता कामा नये.