वार्धक्य आणि घरातील न्हाणीघर



घर बांधताना दिवाणखान्याच्या सजावटीवर सढळ हाताने खर्च होतो. न्हाणीघराचा विचार मात्र घाईत उरकला जातो. वस्तुतः वृद्धांच्या स्वावलंबनाची खरी कसोटी तेथेच लागते. ओली फरशी, कमोडवरून उठताना गुडघ्यांवर येणारा भार, साबणाच्या हाताने न फिरणारा नळ, यांपैकी एखादी गोष्टही माणसाला परावलंबी करण्यास पुरेशी असते.

अमेरिकन वास्तुविशारद मायकल ग्रेव्ह्‌ज यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. अलेसी या इटालियन कंपनीसाठी त्यांनी १९८५ साली घडविलेली, तोटीवर शीळ घालणारा पक्षी असलेली किटली जगप्रसिद्ध झाली. २००३ साली जंतुसंसर्गामुळे त्यांच्या पायांतील शक्ती कायमची गेली. रुग्णालयात चाकांच्या खुर्चीत बसून दाढी करू पाहता, नळापर्यंत हात पोहोचेना व आरशात चेहरा दिसेना. त्यानंतर, २०१५ साली निधन होईपर्यंत, त्यांनी चाकांची खुर्ची, रुग्णालयातील फर्निचर व न्हाणीघरातील आधाराची साधने यांची रचना केली. ही साधने उपयुक्त असावीत तशी देखणीही असावीत, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह चैनीचा नव्हे. रुग्णालयाची आठवण करून देणारी दांडी वडीलधाऱ्यांना आजारपणाची जाहिरात वाटते. 'इतक्यात गरज नाही,' असे म्हणून ते ती नाकारतात आणि तोल जाताच टॉवेलच्या दांडीला हात घालतात. टॉवेलची दांडी देहाचा भार पेलण्यासाठी केलेली नसते. साधन घराला शोभले, तरच ते मनाने स्वीकारले जाते व वेळेवर बसविले जाते.

अमेरिकेतील २०१० च्या मानकांनुसार आधाराची दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंचीवर व भिंतीपासून दीड इंच अंतरावर असावी, आणि तिने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार सोसावा. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच असावी. दांडी टाइल्सवर नुसती चिकटवू नये. तिचे स्क्रू भक्कम भिंतीत खोलवर बसवावेत. दांडीचा रंग भिंतीहून वेगळा असावा, म्हणजे मंद दृष्टीसही ती दिसते. गोल फिरकीच्या नळाऐवजी लांब दांड्याचा नळ घ्यावा. तो कोपरानेही उघडतो. फरशी खरखरीत असावी. दार बाहेरच्या बाजूस उघडावे; आत पडलेल्या व्यक्तीने दार अडले, तर मदत पोहोचत नाही.

नवे घर बांधणाऱ्यांनी ही तरतूद नकाशातच करावी. जुन्या घरात निदान दोन दांड्या तरी बसवाव्यात. मात्र त्यांची जागा व रूप घरातील वृद्धांना विचारूनच ठरवावे. अपघातानंतर केलेला खर्च दुप्पट असतो आणि गेलेला आत्मविश्वास कोणत्याही खर्चाने परत येत नाही.