वही कोणाची, साक्ष कोणाची?

(कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



जव्हार-मोखाड्यातील अनेक वारली, कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उचल किती, विटा किती पाडल्या, आठवड्याची खर्ची किती मिळाली, हे मालकाच्या वहीत असते. मजुराजवळ असते केवळ आठवण. तंटा न्यायालयात गेला की या दोहोंचा सामना होतो.

टिपण पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा साक्षीदाराला १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १५९ व्या कलमाने दिली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १६२ व्या कलमात ती कायम आहे. टिपण त्याने स्वतः, व्यवहाराच्या वेळी वा स्मृती ताजी असतानाच केलेले हवे. दुसऱ्याने लिहिलेले असल्यास त्याच सुमारास वाचून त्याची सत्यता जाणलेली हवी. पुढील कलमानुसार, नोंद अचूक असल्याची खात्री असेल तर प्रत्यक्ष व्यवहार आठवत नसतानाही साक्ष देता येते. त्यासाठी कायद्याने दिलेले उदाहरण हिशेबनिसाचे आहे! विसरलेल्या हिशेबनिसाला वहीचा आधार मिळतो. निरक्षर मजुराची मात्र एक तारीख चुकली की उलटतपासणीत त्याला खोटे पाडले जाते.

तथापि कायदा सर्वस्वी वहीवाल्याच्या बाजूचा नाही. साक्षीदाराने आधारास घेतलेले टिपण प्रतिपक्षाने मागितल्यास दाखवावे लागते व त्यावर उलटतपासणी करता येते (कलम १६४). केवळ हिशेबवहीतील नोंदीवरून कोणावरही देणे लादता येत नाही (कलम २८). लग्नाच्या कर्जापायी 'लग्नगडी' म्हणून राबलेल्या या मुलखाला तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचे १५ वे कलम पाठ असले पाहिजे. मजुराने कर्ज वेठबिगारीचे असल्याचे सांगितले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो.

म्हणून स्थलांतरापूर्वीच कार्यकर्त्यांनी प्रत्येक टोळीला स्वतःची वही द्यावी. लिहिणारा टोळीतलाच, उचल व मोजणी डोळ्यांनी पाहणारा असावा; कारण उद्या पिंजऱ्यात त्यालाच उभे राहायचे आहे. नोंद त्याच संध्याकाळी, तारखेसह व्हावी. चूक झाल्यास खाडाखोड न करता खाली दुरुस्ती लिहावी. नंतर सुवाच्य प्रत करून मूळ वही फेकू नये. साक्षीच्या वेळी मोल असते ते त्या मळक्या वहीलाच. साक्षरतेचे वर्ग आणि मजुरीचा लढा ही दोन निराळी कामे नव्हेत, हे या कलमांवरून ध्यानी घ्यावे.