पत्रेकामाचा छंद : सामग्री कोठे शोधावी



हस्तव्यवसायाचा विषय निघाला की खेड्यातील शिक्षकासमोर पहिली अडचण उभी राहते ती सामग्रीची. सुतारकामास लाकूड हवे, विणकामास सूत हवे. आणि दोन्ही विकत घ्यावी लागतात. पत्रेकामाचा बहुतेक कच्चा माल मात्र गावाने टाकून दिलेला असतो. तो कोठे शोधावा आणि त्यातील कोणता पत्रा हाती घेऊ नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लोहार, सुतार व कुंभार यांची गणना बलुतेदारांत होत असे. पत्रेवाल्यास तेथे स्थान नव्हते. त्याचा माल रॉकेलबरोबर खेड्यात आला. रॉकेल चार गॅलनांच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरांच्या, चौकोनी डब्यांतून येई. असे डबे देशातच व्हावेत म्हणून जमशेदपूरनजीक गोलमुरी येथे कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा कारखाना निघाला व १९२२ साली त्याचे उत्पादन सुरू झाले. तेल संपले की डबा पत्रेवाल्याकडे जाई आणि चिमणी, नरसाळे, चाळणी किंवा माप होऊन पुन्हा घरात येई.

रॉकेलच्या डब्याची जागा आज खाद्यतेलाच्या १५ किलोंच्या डब्याने घेतली आहे. नांदेडच्या वजिराबाद व इतवारा भागांत, लातूरच्या गंजगोलाईस मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर, तसेच उदगीर, औसा, कंधार, लोहा अशा बाजाराच्या गावी किराणा दुकानदार, खानावळवाले, हलवाई व भंगारवाले यांच्याकडे विचारणा करावी. एका डब्याच्या चारी बाजू उघडल्या की सुमारे तीन फूट लांब व फुटाहून थोडी अधिक रुंद अशी पट्टी मिळते. नवशिक्याच्या दोन-तीन वस्तूंस ती पुरते.

पत्रा पारखण्यास लोहचुंबक पुरेसे आहे. शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा चुंबकास चिकटत नाही व त्यास साधा डाखही बसत नाही. छपरावरच्या पत्र्यास जस्ताचा मुलामा असतो. तो चुंबकास चिकटतो खरा, परंतु जाड असल्याने साध्या कातरीस जुमानत नाही, आणि फार तापविल्यास जस्ताचा अपायकारक धूर निघतो. नवशिक्याने तो वर्ज्य करावा.

कीटकनाशकाच्या डब्याविषयी तर कोणतीही सवलत घेऊ नये. कापूस व सोयाबीन यांच्या या प्रदेशात असे रिकामे डबे बांधावर सहज आढळतात. कितीही धुतला तरी तो डबा शाळेत येता कामा नये. त्याचे पाणी पिण्याचे भांडे करणे म्हणजे जाणूनबुजून विषाशी खेळणे होय. रंगाचा किंवा रॉकेलचा बंद डबा तापविल्यास आतील वाफेचा स्फोट होऊ शकतो, म्हणून तोही टाळावा.

हत्यारे थोडीच लागतात : पत्रा कापण्याची कातर, लाकडी मोगरी, हातोडी, पक्कड, कानस, आणि डाख देण्याचे तांब्याच्या टोकाचे अवजार. जाड लाकडी ओंडका ऐरणीचे काम देतो. कापलेली कड सुरीसारखी असते. म्हणून ती दुमडून, जमल्यास आत तार घालून, मोगरीने बसवावी. जाड हातमोजे असल्याखेरीज मुलाच्या हाती पत्रा देऊ नये.

डाखाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात शिसे मिसळले की ते १९० अंशांच्या आतच वितळते, आणि म्हणूनच जुने कारागीर शिशाचा डाख पसंत करीत. परंतु शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. शाळेने कथील व तांबे यांचा शिसेविरहित डाख वापरावा. तो सुमारे २२७ अंशांना वितळतो. रेडिओ-दूरदर्शन संचांच्या सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करताना ‘लेड-फ्री’ असे स्पष्ट सांगून मागावा. सांधा स्वच्छ करण्यास कल्हईवाल्याचा नवसागर किंवा राळ चालते. धूर अंगावर येऊ नये म्हणून काम उघड्या अंगणात करावे, आणि नवसागर वापरल्यास सांधा नंतर पाण्याने धुवावा, नाही तर पत्रा गंजतो. डाख देण्याचे काम शिक्षकाने अथवा कारागिराने करावे. मुलांनी आखणे, दुमडणे व ठोकणे शिकावे.

ही सर्व सामग्री जमली तरी एक गोष्ट दुकानात मिळत नाही. ती म्हणजे पत्र्याची जाण असलेला हात. प्लास्टिक आले आणि पत्रेवाल्याचे गिऱ्हाईक ओसरले. तरीही आठवड्याच्या बाजारात गळक्या डब्यास डाख देणारा वृद्ध कारागीर क्वचित भेटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, त्या काळात स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सोय सांगितली आहे. त्यांपैकी एक दिवस शिक्षकाने या कारागिरास द्यावा. त्यास फुकट बोलावू नये. त्याची दिवसाची मजुरी बुडते, ती भरून द्यावी. त्यास खुर्ची द्यावी, आणि स्वतः शिक्षकाने मुलांच्या रांगेत बसून पहिले नरसाळे त्याच्याकडून शिकावे.

नरसाळे वाकडे झाले तरी हरकत नाही. ते गळत नाही ना, हे मुलांना पाणी ओतून पाहू द्यावे. गळले तर सांधा पुन्हा उघडून जोडावा. असे हात गावात आहेत तोवरच ही विद्या शिकून घेता येईल; डबे तर पुढेही मिळत राहतील.