पडद्याची वेळ आणि घरचा नियम
(नभोवाणीवरील भाषण)



ज्या घरांत शाळेंत जाणारें मूल आहे, त्या घरांत आज एक प्रश्न रोज संध्याकाळीं उभा राहतो. मुलानें मोबाइल, टॅबलेट किंवा टेलिव्हिजन किती वेळ पाहावा, आणि तो बंद करण्यास त्याला कोणी व कसें सांगावें? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्यावरून होणारी चिडचिड, मुलांचे रुसवे आणि आईबापांमधील मतभेद पाहिले म्हणजे तो तितका लहान नाहीं हें ध्यानांत येतें. या सर्व यंत्रांना आजच्या भाषणापुरतें मी ‘पडदा’ हें एकच नांव देणार आहे.

या बाबतींत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, पडदा मुलांच्या आयुष्यांतून हद्दपारच करावा. दुसरें असें कीं, काळच तसा आला आहे, मुलांना अडवूं नये. पहिलें मत आचरणांत येण्यासारखें नाहीं. २०२० सालच्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, आणि पुढें कित्येक महिने पुष्कळ मुलांची शाळा घरांतल्या मोबाइलवरच भरली. शाळा पुन्हां उघडल्या. पण गृहपाठ, सूचना व वेळापत्रकें मोबाइलवर पाठविण्याची रीत अनेक ठिकाणीं कायम राहिली. ज्या वस्तूवरून अभ्यास येतो ती वस्तु वर्ज्य कशी करणार? दुसऱ्या मताविषयीं एवढेंच म्हणतां येईल कीं, तें मत नसून थकवा आहे. दिवसभर राबून आलेल्या आईबापांना तो यावा यांत नवल नाहीं; पण थकव्यावर घराची शिस्त उभी राहत नाहीं.

नाटक, कादंबरी, सिनेमा, रेडिओ, या प्रत्येकाविषयीं त्या त्या काळच्या वडील मंडळींनीं तक्रार केली आहे. मग आजच्या तक्रारींत नवें काय? नवें हें, कीं त्या सर्व करमणुकींना शेवट होता. कादंबरीला अखेरचें पान असे. सिनेमा संपला कीं दिवे लागत. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हां त्याचे कार्यक्रम ठराविक तासांपुरतेच असत. ते संपले कीं पाहणाऱ्यास उठावेंच लागे. ‘आतां ऊठ’ हें आईच्या वाटचें वाक्य तें यंत्रच बोलून टाकी. आजच्या पडद्याची गोष्ट निराळी आहे. एक चित्रफीत संपते न संपते तोंच दुसरी आपोआप सुरू होते. बोटानें वर सरकवीत जावें, तों खालून नवें येतच राहतें. नाटकाचा पडदा पडतो. हा पडदा कधीं पडतच नाहीं.

हें कांहीं अपघातानें घडलेलें नाहीं. जाहिरातींवर चालणाऱ्या या धंद्याचें उत्पन्न, पाहणारा किती वेळ खिळून राहतो यावर अवलंबून असतें. तेव्हां त्यानें उठूंच नये अशी रचना करण्यांत हुशार माणसांची बुद्धि खर्च होते. अशा रचनेपुढें दहा वर्षांच्या मुलाला बसवून ‘तुला स्वतःला कळत नाहीं का?’ असें विचारणें न्यायाचें नव्हे. जो संयम चाळिशीच्या गृहस्थांना साधत नाहीं, तो बालकाकडून कसा अपेक्षावा? म्हणून या विषयांतलें माझें मुख्य म्हणणें असें आहे: जो शेवट पडद्याजवळ नाहीं, तो घरानें पुरविला पाहिजे. घरचा नियम ही शिक्षा नव्हे. तो खेळ संपल्यावर पडावयाचा पडदा आहे.

आतां ‘किती वेळ?’ या प्रश्नाकडे वळूं. अगदीं लहान मुलांच्या बाबतींत वैद्यांचें मत स्पष्ट आहे. भारतांतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत, २ वर्षांखालील मुलांना पडदा नको, २ ते ५ वर्षांच्या मुलांना फार तर १ तास, आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांना २ तासांहून कमी, असें सांगितलें आहे. त्यापुढील वयासाठीं मात्र आंकडा सांगणें तज्ज्ञांनाही कठीण वाटतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची संस्था पूर्वीं मोठ्या मुलांसाठीं दोन तासांची मर्यादा सांगत असे. २०१६ सालीं तिनें ती सरसकट मर्यादा सोडून प्रत्येक कुटुंबानें आपापली योजना आंखावी असा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० सालीं, ५ ते १७ वर्षांच्या मुलांचा करमणुकीसाठीं पडद्यापुढें बसण्याचा वेळ मर्यादित ठेवावा असें म्हटलें, पण आंकडा दिला नाहीं. कारण उघड आहे. भूमितीचें प्रमेय समजून घेण्यांत गेलेला तास, दूरदेशींच्या मामाशीं बोलण्यांत गेलेला तास आणि क्षणोक्षणीं बदलणाऱ्या चित्रफितींत विरघळून गेलेला तास, हे तिन्ही घड्याळाला सारखे असले तरी मुलाला सारखे नसतात.

म्हणून हिशेब उलट बाजूनें करावा. पडद्याला किती द्यावें हें आधीं न ठरवितां, मुलाच्या दिवसाला प्रथम काय लागतें तें मांडावें. झोपेच्या शास्त्रज्ञांच्या मतें ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठीं सरासरी ६० मिनिटें अंग हलेल, दम लागेल असा व्यायाम सांगते. पांचवी-सहावींतल्या मुलाचा दिवस घ्या. झोप साडेनऊ तास, शाळा व जाणेंयेणें साडेसात, अभ्यास दोन, स्नान, जेवणें आणि घरचीं लहानसहान कामें दोन, मैदान दीड. बेरीज साडेबावीस तास झाली. उरले दीड तास. आणि त्यांतच अवांतर वाचन, गाण्याची शिकवणी, भावंडांशीं गप्पा आणि स्वस्थ बसणें हेंही यावयाचें आहे. ही बेरीज मुलाकडूनच कागदावर करवून घ्यावी. ‘मी तुला देत नाहीं’ या वाक्यावर मूल भांडतें; चोवीस तासांच्या बेरजेशीं भांडणें त्याला कठीण जातें.

मैदानाचा उल्लेख मीं सहज केलेला नाहीं. चीनमधील ग्वांगचौ शहरांत बारा प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, व त्याचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांना रोज शाळेच्या वेळांत ४० मिनिटें अधिक उघड्यावर नेण्यांत आलें. तीन वर्षांनंतर या मुलांपैकीं सुमारें ३० टक्क्यांना दूरचें कमी दिसूं लागलें होतें. इतर शाळांतून हेंच प्रमाण सुमारें ४० टक्के होतें. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न केवळ पडदा किती पाहिला एवढाच नाहीं. दिवसाचा उजेड किती मिळाला हाही आहे. पडद्यानें मुलाचें काय केलें यापेक्षां, पडद्यामुळें मुलाचें काय राहून गेलें, हा प्रश्न पुष्कळदां अधिक महत्त्वाचा असतो.

आतां प्रत्यक्ष नियम. ते थोडे असावे. फार नियम पाळले जात नाहींत आणि न पाळलेला नियम नसलेल्या नियमाहून वाईट. मला चार पुरेसे वाटतात.

पहिला नियम जागेचा. निजण्याच्या जागीं पडदा नसावा. रात्रीं घरांतले सर्व मोबाइल एकाच ठिकाणीं, दिवाणखान्यांत किंवा ओट्यापासून दूर एखाद्या फळीवर, चार्जिंगला लावावे. उजळ पडदा डोळ्यांपुढें असला म्हणजे झोप लांबते, आणि उशाशीं पडलेला मोबाइल निजलेल्या मुलालाही बोलावीत राहतो. गजरासाठीं मोबाइल हवा ही सबब कोणी सांगेल. त्यावर एक साधें घड्याळ हा स्वस्त उपाय आहे.

दुसरा नियम जेवणाचा. ताटाशीं पडदा नको. घास भरवितांना लागलेली ही संवय दहाव्या वर्षीं शाळकरी मुलाला गिळतां येईल तें सर्व न पाहतां गिळावयास शिकविते. शिवाय सगळें घर एकत्र बसतें असा दिवसांतला तोच एक वेळ असतो.

तिसरा नियम शेवटाचा. आरंभ करण्यापूर्वींच शेवट ठरवावा, आणि तो शक्य तेथें मिनिटांनीं न ठरवितां वस्तूनें ठरवावा. ‘अर्धा तास पाहा’ म्हटलें तर तिसावें मिनिट नेमकें गोष्टीच्या मध्यावर येतें आणि रडारड होते. ‘एक भाग’, ‘खेळाचा एक डाव’ असें म्हटलें तर शेवट मुलालाही दिसत असतो. आपोआप पुढची फीत सुरू करणारी सोय जेथें बंद करतां येते तेथें ती बंद करावी. पांच मिनिटें आधीं एकदां सूचना द्यावी. दहादां देऊं नये.

चौथा नियम वडिलधाऱ्यांचा, आणि तोच सर्वांत अवघड. पहिले तीन नियम घरांतल्या सर्वांना लागू असावे. बाबा जेवतांना बाजारभाव पाहणार, काका निजतांना बातम्या चाळणार आणि मुलानें मात्र हात आवरावा, हें चालत नाहीं. आपल्या शहरांतील बिऱ्हाडें लहान. ज्या खोलींत मुलानें अभ्यास करावयाचा त्याच खोलींत आजींची मालिका चालूं असते. तेव्हां आजीशीं आधीं बोलावें, त्यांच्या मालिकेची वेळ मानानें राखावी, आणि अभ्यासाची वेळ त्यांच्या संमतीनें ठरवावी. आईनें नाहीं म्हटलेला मोबाइल आजोबांकडून मिळतो हें एकदां मुलाला कळलें, कीं नियम संपला. नियम मोडतो तो बहुधा मुलाच्या हट्टानें नव्हे, मोठ्यांच्या बेबनावानें.

या चौथ्या नियमाचें एक सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें २०२२ सालच्या ऑगस्टमध्यें असें ठरविलें कीं, रोज संध्याकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजावा आणि तेथून दीड तास घरोघरचे मोबाइल व टेलिव्हिजन बंद राहावे. साडेसातांचा नाहीं, आठांचा नाहीं. सर्वांना ठाऊक असलेला एकच वेळ. यांतलें मर्म असें कीं, ‘बंद कर’ हें कोणा एका आईला सांगावें लागत नाहीं, तें भोंगाच सांगतो. आणि तो लहानांसाठीं वाजतो तसाच मोठ्यांसाठींही वाजतो. शहरांतल्या इमारतीवर भोंगा नको. पण एकाच वर्गांतल्या मुलांच्या तीन-चार घरांनीं एकच वेळ ठरविली, तर ‘बाकी सगळ्यांना मिळतो, मलाच नाहीं’ ही मुलांची सर्वांत बळकट तक्रार पुष्कळशी गळून पडेल.

कोणी म्हणेल, हें काम सरकारनें कायद्यानें करावें. देशोदेशीं तसे प्रयत्न झाले आहेत. दक्षिण कोरियानें २०११ सालीं, १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळीं ६ पर्यंत संगणकावरील खेळ खेळतां येऊं नयेत असा कायदा अमलांत आणला. दहा वर्षांनंतर, २०२१ सालीं, तो मागें घेण्याचें ठरलें. तोंवर मुलें मोबाइलवर खेळूं लागलीं होतीं, आणि तो कायदा मोबाइलला लागू नव्हता. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास बंदी केली. अशा कायद्यांचा उपयोग नाहीं असें मी म्हणत नाहीं. पण कायदा फार तर दारावर पहारा देईल. दाराच्या आंत संध्याकाळ कशी जावी हें त्याला ठरवितां येत नाहीं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींविषयीं दोन शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. त्यांच्यावर नियम लादण्याऐवजीं त्यांच्याशीं बसून ठरवावे, आणि दर सहामाहीस पुन्हां पाहावे. त्यांच्या नकळत त्यांचा मोबाइल तपासूं नये. तपासावयाचा असेल तर तसें आधीं सांगावें. आणि एक गोष्ट तर अवश्य पाळावी. पडद्यावर मुलाला कधीं भीतिदायक, घाणेरडें किंवा धमकीचें कांहीं दिसलें आणि तें त्यानें येऊन सांगितलें, तर त्या सांगण्याची शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेऊं नये. खरें बोलल्यास मोबाइल जातो हा धडा मूल एकदांच शिकतें, आणि पुढें ज्या दिवशीं आपली खरी गरज असते त्या दिवशीं तें गप्प राहतें. सर्व नियमांचा हेतु मूल आपल्याजवळ राहावें हा आहे. ज्या नियमानें तें दूर जाईल तो कितीही कडक असला तरी फुकट.

त्याच कारणासाठीं पडदा हें बक्षीसही करूं नये. ‘इतके गुण मिळव, मग तासभर देईन’ असें म्हटलें कीं, जगांत मिळविण्यासारखी वस्तु तीच, असें आपणच मुलाला शिकवितों.

शेवटीं एक अडचण. पडदा बंद झाला, आतां मूल काय करील? पहिले आठ-पंधरा दिवस तें म्हणेल, ‘मला कंटाळा आला.’ या वाक्याला भिऊं नये. कंटाळलेलें मूल घरांत घिरट्या घालतें, कपाट उघडतें, गच्चीवर जातें, पत्त्यांचा बंगला करतें, आणि कधींतरी एखादें पुस्तक उचलतें. त्याला तेवढा रिकामा वेळ मिळूं द्यावा. मात्र पत्त्यांचा डाव मांडून त्यानें ‘खेळतां का?’ असें विचारलें, तर त्या वेळीं आपल्या हातांत मोबाइल नसावा. त्या डावाला अर्धा तास लागेल. तो आपल्या दिवसाच्या बेरजेंतून काढावयाचा आहे, आणि तें मुलाच्या नव्हे, आपल्याच हातीं आहे.